लघवीची गोळी आणि सोलापूरचे ऊन



सोलापूरच्या उन्हाविषयी सोलापूरकरांना आम्ही काय सांगावे! एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, कधी ४३-४४ लाही टेकतो. डोक्याला रुमाल, हाताशी पाण्याची बाटली, दुपारी सावली, हे सारे आपल्याला पाठ आहे. परंतु ज्या घरात कोणी 'लघवीची गोळी' घेते, त्या घराला या उन्हात आणखी एक गोष्ट पाठ असायला हवी. ती कोणती, हे आम्हांला आमच्याच घरात ठेच लागल्यावर कळले. म्हणून आज तोच विषय घेतला आहे.

आमच्या थोरल्या आक्का जुळे सोलापुरात मुलाकडे राहतात. वय ६२. जन्मभर विड्या वळल्या, संसार ओढला. बी.पी.ची गोळी दहा वर्षांपासून चालू. पुढे पायांवर सूज येऊ लागली. बोटाने दाबले की खळगा पडायचा. रात्री आडवे झाले की दम लागायचा, म्हणून दोन-तीन उशा लावून बसल्या बसल्याच डोळा लागायचा. तपासणीत हृदय कमजोर झाल्याचे निघाले. डॉक्टरांनी लघवीची गोळी सुरू केली आणि आठ दिवसांत आक्का सपाट अंथरुणावर झोपू लागल्या. 'गोळी न्हाई, अमृत हाय,' असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

मग गेल्या मे महिन्यात घरात लग्न निघाले. भर उन्हात आक्का दिवसभर मांडवात उभ्या. रात्री गुडघे धरले, म्हणून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या आणि सकाळ-संध्याकाळ सुरू केल्या. दुसऱ्या दिवशी उलट्या-जुलाब लागले. पोटात पाणी ठरेना. तरी बी.पी.ची गोळी आणि लघवीची गोळी मात्र चालूच! 'डाक्टरनी सांगितलंय, एक दिस बी चुकवायची न्हाई,' हे त्यांचे म्हणणे, आणि आम्ही शहाण्यासारख्या माना डोलावल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी उठता उठता त्या भोवळ येऊन पडल्या. सकाळपासून लघवी झाली नव्हती. बोलण्यात मेळ नव्हता. दाजींनी आणि भाच्याने रिक्षात घालून त्यांना सरकारी दवाखान्यात नेले.

रक्त तपासले. क्रिएटिनिन ४ च्या वर निघाले. ते साधारण १ च्या आसपास असावे लागते. मूत्रपिंडांनी जणू संपच पुकारला होता. डॉक्टरांनी तिन्ही गोळ्या बंद केल्या, हृदय सांभाळत बेताने सलाइन लावले, रोज रक्त तपासले. पाचव्या दिवशी लघवी मोकळी झाली आणि क्रिएटिनिन खाली आले. डायलिसिसची वेळ टळली.

गोष्ट इथेच संपली असती तर बरे झाले असते. घरी आल्यावर आक्कांनी लघवीच्या गोळीचे उरलेले पाकीट उचलून कचऱ्यात टाकले. काय, तर 'हिनंच मला मारलं असतं!' पुन्हा दाखवायला बोलावले होते, तिकडेही गेल्या नाहीत. तीन आठवड्यांत पाय पुन्हा सुजले, रात्रीचा दम परत आला आणि पुन्हा रिक्षा काढावी लागली. त्या वेळी तिथल्या डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते आमच्या मनावर कोरले गेले आहे. त्या म्हणाल्या, 'मावशी, गोळी वाईट नव्हती. जुलाब लागले तेव्हा तुम्ही विचारल्याशिवाय चालू ठेवली आणि बऱ्या झाल्यावर विचारल्याशिवाय बंद केलीत. दोन्ही वेळेला चूक एकच झाली.'

ही चूक नीट समजायची तर आधी मूत्रपिंडाचे काम समजले पाहिजे.

१८० लिटरचा कारभार

पाठीमागे, बरगड्यांच्या खालच्या बाजूला, कण्याच्या दोन्ही अंगांना मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या. या गाळण्यांतून दिवसाला जवळजवळ १८० लिटर पाणी गाळले जाते. म्हणजे १५ लिटरच्या १२ घागरी! पण लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचे पाणी जाते कुठे? ते परत रक्तात घेतले जाते. घर सारवताना आपण सगळे सामान अंगणात काढतो, कामाचे ते पुन्हा आत नेतो आणि केर बाहेर ठेवतो. मूत्रपिंड हेच करते. आधी पाणी, मीठ, साखर सारे बाहेर काढते आणि मग लागेल तेवढे परत आत घेते.

यात मीठ हे मुख्य. मीठ जिकडे जाते तिकडे पाणी त्याच्या मागे जाते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. शरीरातही तोच नियम. अंगात मीठ साठले की पाणी साठते.

लघवीची गोळी थेट पाण्याला हात लावत नाही. ती मूत्रपिंडाला मीठ परत घेऊ देत नाही. मीठ लघवीत राहिले की पाणीही त्याच्या मागोमाग बाहेर पडते. मूत्रपिंडाच्या नळीत मीठ परत घेण्याची वेगवेगळी ठाणी आहेत आणि गोळ्यांचे प्रकारही त्या ठाण्यांप्रमाणे आहेत. 'लॅसिक्स' म्हणजे फ्युरोसेमाइड आणि 'डायटॉर' म्हणजे टॉर्सेमाइड या गोळ्या ज्या ठाण्यावर काम करतात, तिथे गाळलेल्या मिठाचा सुमारे चौथा हिस्सा परत घेतला जातो. म्हणून या सर्वांत जोरकस. त्यापुढच्या ठाण्यावर अवघे ५ टक्के मीठ परत घेतले जाते. तिथे हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन या गोळ्या काम करतात. या सौम्य असतात आणि मुख्यतः बी.पी.साठी देतात. बी.पी.च्या गोळीच्या नावापुढे 'एच' अक्षर असेल तर त्यात पुष्कळदा हायड्रोक्लोरोथायझाइड मिसळलेले असते. म्हणजे आपण लघवीची गोळी घेतो हे कित्येकांना माहीतच नसते! शेवटच्या ठाण्यावरची गोळी म्हणजे 'अल्डॅक्टोन', अर्थात स्पायरोनोलॅक्टोन. ती मीठ घालवते पण पोटॅशियम राखून ठेवते. पहिल्या दोन प्रकारच्या गोळ्या मात्र मिठाबरोबर पोटॅशियमही घालवतात.

पोटॅशियम हा रक्तातला एक क्षार. तो फार कमी झाला तर पायात गोळे येतात, हातपाय गळतात, छातीचे ठोके चुकतात. फार वाढला तर हृदय बंदही पडू शकते. म्हणून आजाऱ्याला भेटायला जाताना आपण प्रेमाने शहाळे नेतो, ते प्रत्येकाला चालत नाही. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. ज्यांना स्पायरोनोलॅक्टोन चालू आहे किंवा ज्यांचे मूत्रपिंड अधू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ते घ्यावे. बाजारात 'कमी सोडियमचे' म्हणून मिळणाऱ्या मिठालाही हेच लागू. त्यात बहुधा पोटॅशियमच घातलेले असते.

स्वस्त आहे म्हणून हलकी नव्हे

या गोळ्यांमागे शंभर वर्षांची खटपट आहे. १९१९ साली व्हिएन्नातील आल्फ्रेड फोग्ल या वैद्यकीय विद्यार्थ्याने उपदंशाच्या एका रुग्ण मुलीला पाऱ्याचे औषध टोचले आणि तिला भरमसाट लघवी होऊ लागल्याचे पाहिले. तेव्हापासून कित्येक वर्षे सूज उतरवायला पाऱ्याची इंजेक्शने दिली जात. पारा विषारी, पण दुसरे साधन नव्हते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत क्लोरोथायझाइड ही तोंडाने घ्यायची गोळी आली आणि १९६० च्या दशकात जर्मनीतून फ्युरोसेमाइड आली. तेव्हा कुठे गरिबाचीही सूज गोळीने उतरू लागली. २००२ साली अमेरिकेत ३३ हजारांवर रुग्णांवरच्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा झटका टाळण्याच्या बाबतीत क्लोरथॅलिडोन ही जुनी, स्वस्त गोळी नव्या महागड्या गोळ्यांपेक्षा कुठेही कमी पडली नाही. तेव्हा 'एवढी स्वस्त गोळी, हिच्याने काय होते,' असे कोणी म्हणू नये.

मग आक्कांचे काय झाले?

६० किलो वजनाच्या पुरुषाच्या अंगात सुमारे ३६ लिटर पाणी असते. त्यातले दोन भाग पेशींच्या आत, एक भाग बाहेर. प्रत्यक्ष रक्तात खेळणारे पाणी अवघे तीन लिटरच्या आसपास. गोळी पाणी काढते ते या तीन लिटरांतून. मग सुजेतले पाणी हळूहळू रक्तात झिरपते आणि ती जागा भरते. सूज असेपर्यंत हा व्यवहार ठीक चालतो. परंतु सूज उरलेली नाही, वर घामाने मीठ-पाणी चालले आहे, त्यात उलट्या-जुलाब, आणि गोळी आपली काढतेच आहे! मग रक्तातलेच पाणी आटते. रक्तदाब पडतो. मूत्रपिंडाला गाळायला पुरेसे रक्तच मिळत नाही.

अशा वेळी स्वतःला वाचवायला मूत्रपिंडाकडे दोन युक्त्या असतात. गाळणीकडे रक्त आणणारी नळी ते रुंद करते आणि रक्त नेणारी नळी अरुंद करते, म्हणजे आतला दाब टिकतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक यांसारख्या दुखण्याच्या गोळ्या पहिली युक्ती मोडतात. ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' येते त्या बी.पी.च्या गोळ्या दुसरी युक्ती मोडतात. एरवी याच 'प्रिल' आणि 'सार्टन' गोळ्या हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे रक्षण करतात, हे विसरू नका. परंतु अंगातले पाणी आटलेले असताना तिन्ही एकत्र आल्या की मूत्रपिंडाला उभे राहायला जागाच उरत नाही. आक्कांचे नेमके हेच झाले.

दुखण्याची गोळी मूत्रपिंडाला किती बाधू शकते याचे भयंकर उदाहरण आपल्या देशाने पाहिले आहे. गावाबाहेर मेलेल्या ढोरावर उतरणारे गिधाडांचे थवे आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहेत. १९९० नंतर ती गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. २००४ साली त्याचे कारण प्रसिद्ध झाले. जनावरांना दिलेले डायक्लोफेनॅक त्यांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद झाले. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही आणि धडधाकट माणसाने एखाद-दुसरी गोळी घेतल्याने सहसा बिघडत नाही. परंतु ज्याला लघवीची गोळी चालू आहे त्याने 'दुखतंय, एक द्या हो,' असे म्हणून दुकानातून परस्पर गोळी आणू नये. त्याच्यासाठी पॅरासिटामॉल बहुधा सुरक्षित, तीही मात्रा विचारून.

दुसऱ्याची गोळी नको

आपल्या वस्तीत एकाची गोळी दुसऱ्याला देण्याची फार सवय. 'माझी सूज उतरली, तुझीही उतरेल.' पण सूज काही एकाच कारणाने येत नाही. हृदय, मूत्रपिंड, यकृत, अंगात रक्त कमी असणे, लूमवर तासन् तास उभे राहून पायांच्या शिरा फुगणे, अशी अनेक कारणे असतात. बी.पी.साठी दिलेल्या अ‍ॅम्लोडिपिनमुळेही घोट्यांवर सूज येते. तिथे लघवीची गोळी घेऊन उपयोग नाही. तिथे डॉक्टरांनी मूळ गोळीच बदलायला हवी. ऑस्ट्रेलियाचा विख्यात फिरकी गोलंदाज शेन वॉर्न २००३ च्या विश्वचषकाला मुकला आणि त्याच्यावर एक वर्षाची बंदी आली, ती लघवीच्या गोळीमुळेच. ती गोळी आईने दिली होती, असे त्याने सांगितले होते. त्याचा एक वर्षाचा खेळ गेला. आपल्या तरुणांपैकी कोणी कुस्तीसाठी वजन उतरवायला भर उन्हात अशी गोळी घेतली, तर जिवावरही बेतू शकते.

कामावरच्या भगिनींची अडचण

एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. फ्युरोसेमाइडची गोळी घेतली की तासाभरात लघवी सुरू होते आणि पाच-सहा तास पुन्हा पुन्हा जावे लागते. जुळे सोलापुरातल्या बंगल्यांत, फ्लॅटांत धुणीभांडी करणाऱ्या आपल्या भगिनींनी सकाळी गोळी घेऊन जायचे कुठे? ज्या घराची फरशी त्या पुसतात, त्या घरातले बाथरूम वापरायची त्यांना पुष्कळदा मुभा नसते. रस्ते झाडणाऱ्या बायांची, बाजारात भाजी विकणाऱ्या मावशींची तीच कथा. मग काय होते? गोळी चुकवली जाते, पाणी पिणे बंद केले जाते, आणि डॉक्टरांपुढे मात्र 'रोज घेते की' असे सांगितले जाते. त्यावर डॉक्टर गोळी वाढवतात! भगिनींनो, ही लाजायची गोष्ट नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की, सकाळी मला कामावर जायला जागा नसते. गोळीची वेळ बहुधा बदलून देता येते. कामावरून आल्यावर दुपारी घेतली तरी चालू शकते. फक्त रात्री नको, नाहीतर झोपेचे खोबरे आणि अंधारात पडण्याची भीती. आणि ज्यांच्या घरी कोणी कामाला येते, त्यांनी आपणहून सांगावे, 'मावशी, बाथरूम वापरा.' यात कोणाचे काय जाते?

आमच्या घराने धरलेले नियम

आता आक्कांच्या घरात जे पाळले जाते ते सांगतो. आपापल्या डॉक्टरांना विचारून आपणही पाळावे.

१. गोळ्यांच्या डब्यात एक कागद ठेवला आहे. त्यावर प्रत्येक गोळीचे नाव, ती कशासाठी आणि केव्हा, हे भाच्याने मोठ्या मराठी अक्षरांत लिहिले आहे.

२. त्याच कागदावर डॉक्टरीणबाईंकडून लिहून घेतले आहे की, उलट्या, जुलाब, ताप आला आणि अन्नपाणी पोटात ठरेना, तर कोणत्या गोळ्या थांबवायच्या, किती दिवस, आणि पुन्हा केव्हा सुरू करायच्या. प्रत्येक रुग्णाचे उत्तर वेगळे असते. म्हणून आमच्या कागदाची नक्कल करू नका, आपला कागद आपण लिहून घ्या. आजार आल्यावर नव्हे, आधीच. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे, तिसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

३. रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर वजन करायचे आणि कॅलेंडरवर लिहायचे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर पाणी साठते आहे. झपाट्याने उतरले आणि चक्कर येते, तर पाणी आटते आहे. दोन्ही वेळी डॉक्टर.

४. मीठ कमी. दिवसाला सगळे मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोळीचा जोर ओसरला की मूत्रपिंड मीठ धरून ठेवू लागते. त्या वेळी ताटात शेंगाचटणी, पापड, लोणचे, सुकट असेल, तर सकाळी काढलेले पाणी रात्री परत. सोलापूरकराला 'शेंगाचटणी सोडा' म्हणणे जिवावर येते! आक्का आता घरी कमी मिठाची करतात, तीही चिमूटभरच घेतात.

५. पाणी किती प्यायचे हे विचारून ठरवायचे. कमजोर हृदयाच्या माणसाला 'ऊन आहे, चार-पाच लिटर प्या' असा सल्ला देऊ नये, आणि घशाला कोरड पडेपर्यंत तहान मारूही नये. उन्हाळ्यात गोळीची मात्रा कमी करायची का, हे मार्चमध्येच विचारावे.

६. गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर एक-दोन आठवड्यांत आणि पुढे सांगतील तेव्हा क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम तपासून घ्यायचे. सरकारी दवाखान्यात याची विचारणा करावी.

लघवी अगदी कमी होणे, उठताना डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ, छातीत धडधड, हातापायांत एकाएकी अशक्तपणा, किंवा आडवे झाल्यावर दम लागणे, यांतले काहीही दिसले तर घरगुती काढे करत बसू नका. गोळ्यांचा डबा उचला आणि दवाखाना गाठा. डबा बरोबर असला की डॉक्टरांचा निम्मा शोध वाचतो.

यंदा एप्रिलमध्ये आक्कांना पुन्हा एकदा जुलाब लागले. दाजींनी चष्मा लावला, डब्यातला कागद काढला, मोठ्याने वाचला आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. कागदावर होत्या तेवढ्या गोळ्या दोन दिवस थांबल्या, मग पुन्हा सुरू झाल्या. दवाखान्यात राहावे लागले नाही. आक्का आज अंगणात बसून शेजारणींना सांगतात, 'गोळी अमृत बी न्हाई आन् इख बी न्हाई. इचारून घ्यायची चीज हाय.'

आपल्याही घरात ती छोटी पांढरी गोळी असेल. आज संध्याकाळी तिचे नाव वाचा, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना एक कोरा कागद बरोबर न्या.